फी शाळेला, जागा सीईटीला

गेल्या वर्षी सीईटीचा निकाल लागला त्या रात्री आपाचा फोन आला. भाच्याला ८४ पर्सेंटाइल. "इतकी मोठी शाळा होती रे त्याची, काहीतरी फायदा होईलच ना प्रवेशाला?" मला उत्तर माहीत होतं, पण फोनवर बोलवेना.

दूल्हाभाईंचा मंडईत फळांचा गाळा आहे. खाजगी इंग्रजी शाळेची फी वर्षाला साठ हजार, बसचे वेगळे, स्नेहसंमेलनाच्या ड्रेसचे वेगळे. दहा वर्षं हे चाललं. अकरावी आली तेव्हा हात रिकामा होता. गणित आणि फिजिक्समधली एकच शिकवणी परवडली.

आपल्या घरांमधला हा सगळ्यात महाग गैरसमज आहे, आणि तो शाळांच्या जाहिरातींइतकाच आपल्या तोऱ्यानेही पोसला आहे. मुलगा 'कॉन्व्हेंट'ला जातो हे सांगताना आवाज बदलतो आपला.

राज्यातल्या इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीत गुणवत्ता यादी लागते ती सीईटीच्या पर्सेंटाइलवर. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के असले की अर्ज भरता येतो. शाळेची इमारत, तिची फी, तिचं बोर्ड यांना त्या यादीत रकानाच नाही. पेपर १५० प्रश्नांचा, २०० गुणांचा, चुकीच्या उत्तराला वजा गुण नाहीत. साधारण ८० टक्के भर बारावीवर, २० टक्के अकरावीवर, आणि अभ्यासक्रम राज्य मंडळाचा. म्हणजे ज्या दोन वर्षांवर सगळं ठरतं, नेमकी त्याच दोन वर्षांसाठी आपल्याकडे पैसे उरत नाहीत.

एनआयटीसाठी सीबीएसईच हवं, असं कोणी सांगेल. जेईई मेनला कुठल्याही बोर्डाचा मुलगा बसतो, आणि एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.

मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो. इंग्रजीने मला छळलं, हे लपवत नाही. पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत उत्तर येत असूनही गप्प बसलो आहे. सीईटीतही गणिताचा पेपर इंग्रजीतच असतो. पण ही अडचण मला दोन सेमिस्टर पुरली. गणित कच्चं राहिलं असतं तर जागाच मिळाली नसती. आणि गावच्या सरकारी शाळेत शिक्षकच नसेल तर खाजगी शाळेत जरूर घाला. फक्त प्रवेश घेताना स्मार्ट बोर्ड बघू नका, आठवी ते दहावीचं गणित कोण शिकवतं आणि किती वर्षं टिकलं आहे ते विचारा.

आता खरी दुखरी गोष्ट. भाच्याचा अर्ज भरायला बसलो. आम्ही बागवान, म्हणजे राज्याच्या ओबीसी यादीतले. पण दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुस्लिम'. दूल्हाभाईंच्या दाखल्यावर 'मुसलमान'. दादांच्या जुन्या दाखल्यावर मात्र 'बागवान', आणि तो दाखला सापडला अर्जाची मुदत संपल्यावर, पेटीच्या तळाशी. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आमच्याकडे तो होता, कोणी शोधलाच नव्हता. जात प्रमाणपत्र नाही, वैधता नाही, नॉन-क्रीमीलेअर नाही. मुलगा खुल्या गटात लढला. साठ हजार घेणाऱ्या शाळेने दहा वर्षांत एकदाही तो रकाना विचारला नाही, आणि आम्हीही वाचला नाही.

इस्लाममध्ये जात नाही, मग लिहायची कशाला, असं मशिदीबाहेर मला ऐकवलं गेलं. नमाजाच्या सफेत जात नसते, कबूल. निकाह जुळवताना असते. कमाईत असते. अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन, मणियार ही नावं यादीत कोणाच्या तरी लढ्यामुळे आली आहेत. ज्यांची बिरादरी यादीत नाही त्यांना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर ईडब्ल्यूएस आहे, त्यात धर्म आड येत नाही. टीएफडब्ल्यूएसच्या पाच टक्के जागांना तर जातही लागत नाही, उत्पन्नाचा दाखला पुरतो, आणि शिकवणी शुल्क माफ होतं.

मुलींचं काय? मुलगा इंग्रजी शाळेत आणि त्याची बहीण 'जवळ पडते' म्हणून पालिकेच्या शाळेत, हे चित्र किती घरांत आहे ते तुम्हीच मोजा. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं, उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर. म्हणजे जिच्यावर आपण कमीत कमी खर्च केला, तिचं इंजिनिअरिंग आज सगळ्यात स्वस्त आहे. अट एकच, कागद हवेत.

भाची सहावीत आहे, पालिकेच्याच शाळेत. गेल्या महिन्यात आपाला घेऊन तिच्या मुख्याध्यापिकेकडे गेलो आणि जनरल रजिस्टर बघायला मागितलं. रकान्यात 'मुस्लिम'. बाई म्हणाल्या, "मूल शाळेत आहे तोवर दुरुस्ती होते, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. दाखला निघाल्यावर फार जड जातं." दादांच्या दाखल्याची प्रत जोडून अर्ज दिला. पोच घेतली आहे. आपाने ती पर्समध्ये ठेवली, भाच्याच्या फीच्या जुन्या पावत्यांच्या शेजारी.