नंदादीपाचे तेल

देवळात नंदादीप लावण्याचा संकल्प करणारा पूर्वीचा दाता नुसती समई देऊन मोकळा होत नसे. दिवा अखंड तेवायचा तर रोज तेल लागणार, वात लागणार, काजळी झाडणारा माणूस लागणार, हे जाणून तो त्या तेलासाठी जमिनीचे उत्पन्न, बागायतीचा एखादा तुकडा किंवा काही द्रव्य लावून देई. अशा दानांचे उल्लेख जुन्या शिलालेखांतून आणि ताम्रपटांतून आढळतात. दिवा लावणे हे एका दिवसाचे काम, दिवा राखणे हे पिढ्यांचे, एवढा साधा व्यवहार त्यामागे होता. विजेच्या तारा जिथे पोचत नाहीत तेथील घरांना सरकार आज सूर्यशक्तीवर चालणारे दिवे देते, तेव्हा नेमका हाच व्यवहार विसरला जातो, असे आम्हांला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

गोमंतकाचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे आपण फार पूर्वीपासून ऐकत आलो आहोत. राज्य लहान, गावे दाट, आणि वीजखात्याच्या तारा बहुतेक वाड्यांवर पोचलेल्या. त्यामुळे हा दावा मोठ्या अंशी खरा आहे. परंतु सह्याद्रीच्या कुशीत, सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांच्या डोंगराळ टोकांना, दोन घरे इथे आणि चार घरे पलीकडच्या उतारावर अशी जी वस्ती आहे, तिच्या बाबतीत तो तितकासा खरा नव्हता. त्यांच्यासाठी खांब रोवीत जायचे तर मैलोगणती रान तोडावे लागते. अभयारण्याची हद्द आणि वनसंवर्धनाचा कायदा आडवा येतो. आणि एवढे करून तार नेली तरी मृगाच्या पहिल्या वादळात झाड पडून ती तुटते. मोलेच्या जंगलातून नेण्याच्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवरून २०२० सालापासून या राज्यात जो वाद उसळला, त्याने तारेची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही हे सर्वांना शिकविले आहे. अशा ठिकाणी त्या घराच्या छपरावरच वीज निर्माण करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय. सौर संच देण्याच्या धोरणाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. आमची तक्रार आहे ती त्यानंतरच्या विस्मरणाविषयी.

हे संच कसे असतात ते पाहावे. केंद्र सरकारने २५ सप्टेंबर २०१७ रोजी जाहीर केलेल्या आणि मार्च २०२२ मध्ये संपलेल्या 'सौभाग्य' योजनेत दुर्गम घरांसाठी जो संच ठरविण्यात आला होता, त्यात २०० ते ३०० वॉट क्षमतेचे सौर पत्रे, एक बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक पंखा, एक विजेची जोडणी आणि पाच वर्षांची देखभाल यांचा समावेश होता. स्वच्छ उन्हाच्या दिवशी असा संच जेमतेम एक युनिट वीज देतो. पाच दिवे संध्याकाळी चार-पाच तास जळावेत, रात्री पंखा फिरावा, भ्रमणध्वनी भरावा, एवढ्याला ती पुरते. वाटप यंत्र, विहिरीचा पंप किंवा शीतकपाट यांना ती पुरत नाही. ज्या घरात काल रॉकेलची चिमणी धुरकटत होती, त्या घराला एवढा प्रकाशही थोडाथोडका नाही, हे आम्ही मान्य करतो. पण हा थोडका प्रकाशही किती वर्षे टिकणार, हा प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नाही.

छपरावरचा पत्रा पंचवीस वर्षे काम देतो. बॅटरीचे आयुष्य मात्र त्याच्या पासंगालाही पुरत नाही. शिसे आणि आम्ल यांची साधी बॅटरी तीन ते पाच वर्षांत थकते. तिच्यात ठरलेल्या वेळी शुद्ध पाणी घातले नाही तर त्याहून लवकर. लिथियमची बॅटरी अधिक टिकते, पण ती महाग असते. म्हणजे पत्र्याच्या एका आयुष्यात साधी बॅटरी निदान चार वेळा बदलावी लागणार. देखभालीची मुदत पाच वर्षांची आणि बॅटरीचे आयुष्यही फार तर तेवढेच. एकाच सुमारास दोन्ही संपतात, आणि रानातल्या त्या कुटुंबाच्या हाती छपरावरचा चकचकीत पत्रा तेवढा उरतो. देशभर २०१८-१९ च्या सुमारास बसविलेल्या संचांची ही मुदत केव्हाच उलटून गेली आहे.

त्यात आपल्या कोकणपट्टीची अडचण आणखी वेगळी. राजस्थानच्या वाळवंटासाठी आखलेला हिशेब घाटाच्या पायथ्याला लागू पडत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आठ-आठ दिवस सूर्याचे तोंड दिसत नाही. पत्र्यावर पाने कुजतात, शेवाळ धरते, भोवतीच्या झाडांची सावली घनदाट होते. बॅटरी अर्धवट भरलेल्या स्थितीत आठवडेच्या आठवडे राहिली की तिच्या आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर क्षाराचा थर बसतो आणि तिची धारणशक्ती कायमची घटते. आणि दिव्याची गरज अधिक असते तीही याच महिन्यांत. जूनमध्ये शाळा उघडतात. पावसात बिळे बुजलेली जनावरे घराच्या आसऱ्याला येतात. रात्री आजारी माणसाला उचलून न्यायचे तर पायवाट चिखलात हरवलेली असते. आणि चवथीला गणपती घरी येतो तोही आभाळ भरलेले असतानाच. ज्या ऋतूत दिवा हवा, त्याच ऋतूत तो मंदावतो, ही गोष्ट योजना आखणाऱ्यांनी कागदावर पहिल्याच ओळीत लिहून ठेवावयास हवी होती.

केवळ यंत्रे बसवून भागत नाही, याचा धडा बिहारने दिला आहे. जहानाबाद जिल्ह्यातील धरनई या गावात जुलै २०१४ मध्ये 'ग्रीनपीस' या संस्थेच्या पुढाकाराने १०० किलोवॉटचे सौर वीजकेंद्र उभे राहिले. चारशेंहून अधिक घरांना त्यातून वीज मिळू लागली आणि धरनईचे नाव देशोदेशी गाजले. परंतु मुख्यमंत्री गावात आले तेव्हा तिथल्याच लोकांनी खरी वीज द्या, खोटी नको, अशी मागणी केली. या मागणीला हसण्याचे कारण नाही. सौर वीज तारेच्या विजेपेक्षा महाग पडत होती आणि तिच्यावर दूरदर्शन संच किंवा शीतकपाट चालविण्यास मनाई होती. पुढे तारेची वीज आली, बॅटऱ्या निकामी झाल्या, त्या बदलण्याची जबाबदारी कोणाची हे ठरेना, आणि काही वर्षांतच त्या केंद्राच्या आवारात गुरे बांधली जाऊ लागली. नव्याचे नऊ दिवस ही म्हण धरनईला तंतोतंत लागू पडते. यात सूर्याचा दोष नाही, गावकऱ्यांचाही नाही. दोष आहे तो राखणीची तजवीज न करता केलेल्या आरंभाचा.

याच्या उलट उदाहरणेही आपल्या आसपास आहेत. शेजारच्या कर्नाटकात हरीश हांडे यांनी १९९५ साली सुरू केलेल्या 'सेल्को'ने गरिबाला सौर दिवा फुकट वाटला नाही. ग्रामीण बँकेचे कर्ज मिळवून दिले, हप्ता त्या कुटुंबाच्या कमाईच्या चालीप्रमाणे बांधून दिला, आणि मुख्य म्हणजे बिघाड झाल्यास धावून येणारा कारागीर जवळच्या गावात बसविला. हांडे यांना २०११ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो या विचाराचा गौरव होता. बंगालच्या सागर बेटावर १९९६ पासून उभ्या राहिलेल्या लहान सौर केंद्रांची व्यवस्था लाभधारकांच्या समित्यांमार्फत चालविली गेली. दरमहा ठरलेली वर्गणी गोळा होई, आणि समुद्राने वेढलेल्या त्या बेटावर कित्येक वर्षे संध्याकाळचे दिवे लागत राहिले. आपल्या सीमेपलीकडे सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने हजारो गोबरगॅस संयंत्रे उभारण्यास हातभार लावला. शेण गोठ्यातले, बांधणारा गवंडी पंचक्रोशीतला, आणि बिघाड झालाच तर दुरुस्तीचे ज्ञानही तिथलेच. जे गावाच्या हाताला दुरुस्त करता येते ते टिकते, हे या सर्वांचे सार आहे. खाजन शेतीचे बांध आणि मानशी गावकरीच्या शिस्तीने शतकानुशतके राखणाऱ्या गोमंतकाला हे परक्यांनी येऊन सांगण्याची गरज पडू नये.

मग अडते कुठे? आमच्या मते, जबाबदारीच्या लेखी नोंदीत. २००३ च्या विद्युत कायद्याच्या चौथ्या कलमात ग्रामीण भागातील स्वतंत्र वीजव्यवस्थेसाठी राष्ट्रीय धोरण आखण्याची तरतूद आहे, आणि चौदाव्या कलमाने अधिसूचित ग्रामीण भागात वीज निर्माण करून वाटणाऱ्यास परवान्याच्या बंधनातून मुक्त केले आहे. हे योग्यच झाले. पण परवाना गेला तसा जाब विचारण्याचा धागाही सैल झाला. पणजीतल्या ग्राहकाची वीज गेली तर २०२० साली केंद्राने केलेल्या ग्राहकहक्क नियमांचा आधार त्याला आहे. ठराविक वेळेत दुरुस्ती झाली नाही तर भरपाईची भाषा त्याला बोलता येते. सांग्याच्या रानातल्या माणसाला मात्र बॅटरीवर चिकटविलेल्या, पावसाने पुसट झालेल्या चिठ्ठीवरचा दूरध्वनी क्रमांक एवढाच आधार. दोघेही एकाच राज्याचे नागरिक, दोघांचीही घरे सरकारी कागदावर प्रकाशित. एकाला आपण ग्राहक म्हणतो आणि दुसऱ्याला लाभार्थी, या एका शब्दाच्या फरकात सारा अन्याय सामावला आहे. ग्राहकाला हक्क असतो, लाभार्थ्याला केवळ आभार मानावे लागतात.

तारेपासून मुक्त होऊन जगण्याची एक नवी हौसही अलीकडे सुखवस्तू लोकांत दिसू लागली आहे. ज्याला परवडते त्याने आपल्या बंगल्यावर पत्रे बसवावेत, त्यास आमची हरकत नाही. परंतु स्वखुशीने तार तोडणारा आणि जिच्यापर्यंत तार कधी आलीच नाही ती डोंगरावरची वृद्धा, यांना एका तराजूत घालू नये. पहिल्याच्या घरी बॅटरी बिघडली तर नवी येते. दुसरीच्या घरी पुन्हा चिमणी पेटते, आणि तीही रॉकेल मिळाले तर.

शहरातल्या वाचकांनी हा प्रश्न दूरच्या रानाचा म्हणून बाजूस सारू नये. १६ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा झाडे कोसळून तारा तुटल्या, महाराष्ट्रातून वीज आणणाऱ्या वाहिन्यांनाही तडाखा बसला, आणि अनेक भागांत दिवसच्या दिवस अंधार राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर' योजनेने एक कोटी घरांच्या छपरांवर पत्रे बसविण्याचे लक्ष्य ठेवले आहे. पण तारेला जोडलेले आणि बॅटरी नसलेले हे संच तारेची वीज गेली की आपोआप बंद पडतात; खांबावर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून तशी योजनाच केलेली असते. तेव्हा वादळाच्या रात्री प्रत्येक गावात निदान आरोग्यकेंद्र, शाळा आणि पाण्याचा पंप यांना स्वतंत्र सौर वीज आणि सशक्त बॅटरी असणे ही चैन नाही. त्यांची राखण करणारा कारागीर रानातल्या संचांचीही राखण करील.

पावसाळ्याच्या अडचणीवरही उपाय पावसाळ्यातच आहे. सेकंदाला दहा लिटर पाणी वीस मीटर उंचीवरून नळाने खाली आणले, तर निम्मी शक्ती वाया गेली तरी सुमारे एक किलोवॉट वीज मिळते, आणि ती दिवसरात्र मिळते. कर्नाटकातील मलनाडच्या बागाइतदारांनी ओढ्यांवर अशी छोटी जनित्रे बसवून वर्षानुवर्षे घरे उजळविली आहेत. आपल्या कुळागरांतून उतारावरचे पाणी पाटाने खेळविण्याची विद्या पिढीजात आहे. सूर्य लपतो तेव्हा ओहोळ भरून वाहतो. या दोहोंची जोड घालणारे प्रयोग सत्तरी आणि सांगे येथे सरकारने गंभीरपणे हाती घेतले पाहिजेत.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. तारेबाहेरच्या प्रत्येक घराची नोंद पंचायतीत असावी, आणि तीत संच बसविल्याची तारीख व बॅटरी बदलण्याचे वर्ष लिहिलेले असावे. त्या घराला वीजखात्याने ग्राहक क्रमांक द्यावा आणि तक्रारीस मुदत घालून द्यावी. मृग लागण्यापूर्वी आणि चवथीच्या आधी अशी वर्षातून दोनदा प्रत्येक संचाची तपासणी व्हावी. तांत्रिक शाळेतून शिकलेल्या त्याच पंचक्रोशीतील तरुणास हे काम वेतन देऊन सोपवावे. संच मंजूर करतानाच पुढील बॅटऱ्यांसाठी रक्कम बाजूला ठेवावी, आणि कुटुंबाकडूनही महिन्याला झेपेल एवढी लहान वर्गणी घ्यावी. कारण ज्याच्यासाठी चार पैसे मोजले त्याविषयी जाब विचारण्याचे धैर्य माणसाला येते.

यापुढे रानातल्या एखाद्या वाड्यावर सौर दिव्यांचे उद्घाटन होईल, तेव्हा जमलेल्या ग्रामस्थांनी टाळ्या जरूर वाजवाव्यात. मात्र कळ दाबणाऱ्या मंत्र्यांना त्यांनी आदबीने एकच प्रश्न विचारावा: साहेब, ही बॅटरी संपली म्हणजे आम्ही कोणाकडे जावे? त्या माणसाचे नाव आणि त्याच्यासाठी राखून ठेवलेली रक्कम जिथे तिथल्या तिथे सांगता येईल, तिथेच विद्युतीकरण झाले असे आम्ही मानू.