मनोव्यापार : तीन भावंडांची एक आठवण

ग्वाल्हेरहून आलेले एका वाचक भगिनीचे चार पानी पत्र आमच्यासमोर आहे. मजकूर घरगुती आहे. नावगाव न देता त्याविषयी लिहावयास त्यांनी अनुमती दिली, म्हणूनच येथे उल्लेख करतो. लष्करातील त्यांचे माहेरचे घर चार पिढ्यांचे. वडिलांना, घरात सर्वजण ज्यांना नाना म्हणत, जाऊन नऊ वर्षे झाली. त्याआधीच्या गणपतीत, गौरीजेवणाच्या दिवशी, पंगती उठल्यावर नाना झोपाळ्यावर बसले आणि घराविषयी काही बोलले. तिन्ही भावंडे तेथे होती. थोरले बंधू म्हणतात, नानांनी सांगितले की घर मोडू नका, जो येथे राहील त्याने ते सांभाळावे. धाकटे म्हणतात, नानांनी सांगितले की घर काढून टाका आणि तिघांनी सारखे वाटून घ्या. दोघेही शपथेवर सांगतात. गेल्या दिवाळीपासून दोघांत बोलणे नाही आणि यंदा प्रथमच गणपती दोन ठिकाणी बसले. भगिनींचा प्रश्न असा : दोघांपैकी खोटे कोण बोलतो, हे मानसशास्त्राला सांगता येईल काय?

सांगता येणार नाही. परंतु या प्रश्नात जे गृहीत धरले आहे, की दोघांपैकी एकजण खोटे बोलत असलाच पाहिजे, त्याविषयी मात्र मानसशास्त्राला बरेच सांगावयाचे आहे.

आठवण म्हणजे पेटीत जपून ठेवलेला कागद, अशी आपणा सर्वांचीच समजूत असते. पेटी उघडावी, कागद काढावा, वाचावा आणि परत ठेवावा. फार तर कागद जीर्ण होईल, अक्षरे पुसट होतील. पण असलेली अक्षरे बदलतील, ही कल्पना आपल्याला शिवत नाही. स्मृतीचा प्रयोगपूर्वक अभ्यास प्रथम ज्यांनी केला त्या हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडितांनीही पुसटपणाचेच मोजमाप घेतले. त्यांनी सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट तयार केले, त्यांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, आणि काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करण्यास किती श्रम कमी पडतात हे पाहिले. १८८५ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. वीस मिनिटांनंतर ५८ टक्के श्रम वाचत, एका दिवसानंतर सुमारे ३४ टक्के, आणि महिन्यानंतर २१ टक्के. म्हणजे विसर पडतो तो आरंभी झपाट्याने, मग हळूहळू. परीक्षेच्या आदल्या रात्री घोकंपट्टी करणाऱ्या मुलांच्या आईबापांनी हे आकडे जरूर ध्यानी घ्यावेत. मात्र आपल्या भगिनींच्या प्रश्नाला यातून उत्तर मिळत नाही. नानांचे शब्द काही निरर्थक अक्षरगट नव्हते.

ही उणीव केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी हेरली. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचावयास दिली. 'भुतांचे युद्ध' असे तिचे नाव. दोन तरुण सील मारण्यासाठी नदीवर जातात, डोंग्यांतून योद्धे येतात, एक तरुण त्यांच्याबरोबर लढाईला जातो, ते योद्धे भुते असल्याचे त्याला कळते, तो घरी परततो आणि सूर्योदयाला त्याच्या मुखातून काहीतरी काळे बाहेर पडून तो मरतो. इंग्रजी कानाला ही गोष्ट विचित्रच. वाचकांना ती पंधरा मिनिटांनी, काही दिवसांनी, महिन्यांनी आणि काहींना तर वर्षांनी लिहावयास सांगितली. गोष्ट आखूड होत गेली, यात नवल नाही. नवल हे की ती इंग्रजी होत गेली. डोंग्याच्या होड्या झाल्या, सील मारण्याची मासेमारी झाली, न समजणारी भुते गळून गेली किंवा त्यांना काही पटण्याजोगा अर्थ चिकटला. लिहिणाऱ्यांना मात्र आपण वाचले तेच लिहितो आहोत असे वाटत होते. १९३२ सालच्या ग्रंथात बार्टलेट यांनी यावरून असे प्रतिपादन केले की, आठवणे ही पुन्हा रचण्याची क्रिया आहे. मनात पूर्वानुभवाचे, समजुतींचे, अपेक्षांचे आराखडे असतात. घटनेचे थोडे अवशेष उरतात आणि त्यांवर त्या आराखड्यांच्या आधाराने आपण दर वेळी नवी इमारत उभी करतो.

आता पुन्हा झोपाळ्याकडे येऊ. थोरले बंधू त्या घरातच राहिले, गळकी कौले त्यांनी परतली, नानांचे आजारपण त्यांनी काढले. धाकटे विसाव्या वर्षी नोकरीसाठी परगावी गेले आणि घर सोडल्याचा सल बाळगून राहिले. एकाच्या मनातील आराखडा वारसा सांभाळण्याचा, दुसऱ्याच्या मनातील सारखेपणाचा. नानांच्या चार वाक्यांतून दोघांनी काय उचलले असेल? आमचा तर्क असा, आणि तो केवळ तर्कच आहे, की नाना दोन्ही बोलले असावेत. घर मोडू नका, आणि मोडावयाचीच वेळ आली तर सारखे वाटून घ्या. ज्याला जे वाक्य आपलेसे वाटले ते त्याच्याजवळ राहिले. दुसरे गळून गेले. स्वार्थ येथे मुळीच शिरत नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण स्वार्थ आठवणीत शिरतो तो चोरपावलांनी, घरधन्याला पत्ता लागू न देता.

आठवण दुसऱ्याच्या शब्दानेही बदलते. १९७४ साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिल्म दाखविल्या आणि मोटारींचा वेग विचारला. प्रश्नातले क्रियापद तेवढे बदलले. मोटारी एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता, असे विचारल्यावर सरासरी उत्तर आले ताशी सुमारे ४१ मैल. मोटारी एकमेकींना लागल्या तेव्हा किती होता, असे विचारल्यावर सुमारे ३२. दुसऱ्या एका प्रयोगात आठवड्याने विचारले, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. तरी 'चक्काचूर' हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती दिसल्याचे आठवले. वेगाचा प्रश्नच न विचारलेल्या ५० जणांत असे ६ निघाले. आपल्या घरांतून प्रश्न कसे विचारले जातात, हे येथे आठवावे. "नानांनी घर आपल्यालाच दिले होते ना हो?" हा प्रश्न नव्हे, हे उत्तर आहे, प्रश्नाचे वस्त्र नेसलेले. नऊ वर्षे असे प्रश्न दोन्ही घरांत विचारले गेले असतील.

"पण मला ते स्वच्छ आठवते," असे थोरले बंधू म्हणतात, असे पत्रात तीन वेळा आले आहे. या स्वच्छपणाविषयीही थोडे सांगितले पाहिजे. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचे चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर फुटले. दुसऱ्याच दिवशी उल्रिक नाइसर यांनी विद्यार्थ्यांकडून, ही बातमी तुम्हाला कोठे, कशी कळली, हे लिहवून घेतले. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारले. चौथा हिस्सा विद्यार्थ्यांचे उत्तर प्रत्येक महत्त्वाच्या मुद्द्यावर चुकले, आणि तरी त्यांपैकी अनेकांना पूर्ण खात्री होती. त्यांना त्यांचाच जुना कागद दाखविला, तरी मूळ आठवण परत आली नाही.

दुसऱ्यांचे कशाला, आमचेच सांगतो. इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या आम्ही काकांच्या खांद्यावर बसून पाहिल्याचे आम्हांस स्पष्ट आठवत असे. गिरण्यांचे दिवे, गर्दीचा घाम, काकांच्या टोपीचा वास, सारे काही. ही आठवण आम्ही मुलांना, नातवंडांना किती वेळा सांगितली असेल! पुढे काकूंच्या ट्रंकेत त्या रात्रीचे छायाचित्र सापडले. खांद्यावर आमचे थोरले बंधू होते. मागे लिहिलेल्या सालाप्रमाणे आमचा जन्म व्हावयास सात महिने अवकाश होता. बंधूंनी सांगितलेली गोष्ट ऐकता ऐकता आम्ही केव्हा खांद्यावर चढून बसलो, हे आम्हांस ठाऊक नाही. गंमत अशी की, छायाचित्र पाहिल्यावरही टोपीचा वास काही जात नाही.

शब्दशः स्मरण अशक्य असते असे मात्र नव्हे. वेदपाठी ब्राह्मणांनी ते साधले. पण त्यासाठी पद, क्रम, जटा, घन असे उलटसुलट पाठ योजावे लागले, चूक पकडणारा गुरू समोर लागला, आणि वर्षांची तालीम लागली. झोपाळ्यावरच्या बोलण्याला यातले काहीच नव्हते.

भगिनींना आमचे सांगणे असे. दोन्ही बंधूंना खोटेपणाचा आरोप प्रथम मागे घेऊ द्यावा. तुम्ही तो कधी केला नसेल तर तसे त्यांना कळवावे. मग प्रत्येकाने, दुसऱ्याशी न बोलता आणि आपल्या घरी न वाचून दाखविता, त्या दुपारचे जे आठवते ते सगळे लिहावे. फक्त नानांचे वाक्य नव्हे. पानात काय वाढले होते, कोण कोठे बसले होते, नाना आधी काय बोलले, नंतर काय बोलले, पाहुणे कोण होते. आजूबाजूचे तपशील आठवताना मधले विसरलेलेही कधी कधी वर येते. जे आठवत नाही तेथे आठवत नाही असेच लिहावे. रिकामी जागा भरण्याचा मोह टाळावा. त्या दिवशीचे पाहुणे हयात असतील तर त्यांना केवळ "त्या दुपारी काय झाले?" एवढेच विचारावे, त्यापुढे एक शब्द नको. नानांची जमाखर्चाची वही, त्या महिन्यातली पत्रे पाहावीत. जुना कागद नऊ वर्षांच्या आठवणीहून अधिक विश्वसनीय. कायद्याचे वकिलांना विचारावे. तोंडी बोलणे हे हिंदूंच्या बाबतीत मृत्युपत्र ठरत नाही, ते लेखी आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचे लागते, एवढे येथे सांगून ठेवतो. म्हणजे नाना काय बोलले यावर घराचा निकाल लागावयाचा नाहीच. तो तिघांनी मिळून लावावयाचा आहे.

आपल्याला स्वतःला काय आठवते ते भगिनींनी पत्राच्या शेवटच्या पानावर लिहिले आहे आणि ते छापू नये अशी विनंती केली आहे. ते आम्ही छापलेले नाही. ते पान वेगळे काढून, त्यावर पत्राची तारीख घालून, बंद पाकिटातून त्यांना परत पाठविले आहे. बंधूंचे कागद हाती येईपर्यंत त्यांनी ते उघडू नये.