डेटन : कोरड्या धरणांचे शहर

अमेरिका म्हटली की डोळ्यांपुढे न्यूयॉर्क येते, नाहीतर हॉलिवूड. ओहायो राज्यातल्या डेटनचे नाव सहसा कोणी घेत नाही. समुद्र शेकडो मैल दूर आणि वस्ती २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे १ लाख ३७ हजार. पण राइट बंधूंचे सायकलचे दुकान याच गावातले! १९०३ साली त्यांचे विमान उडाले ते दूरच्या समुद्रकिनारी; त्याचे भाग घडले मात्र या दुकानात. दुकानातला गल्ला सांभाळणारे कॅश रजिस्टरही १८७९ मध्ये इथल्याच एका गुत्तेवाल्याने काढले. नोकर पैसे लांबवीत, म्हणून!

अशा या हुन्नरी गावाची खरी परीक्षा घेतली ती पाण्याने. ग्रेट मायामी, स्टिलवॉटर आणि मॅड, म्हणजे चक्क 'वेडी', या नद्या येथे एकत्र येतात. २५ मार्च १९१३ रोजी बांध फुटले आणि भर बाजारपेठेत वीस फुटांपर्यंत पाणी चढले. माणसे माळ्यांवर अडकली. कॅश रजिस्टरच्या कारखान्याने यंत्रे सोडून होड्या बांधायला घेतल्या. त्या जवळजवळ तीनशे झाल्या. तरीही नदीच्या खोऱ्यात ३६० हून अधिक जीव गेले.

पाणी ओसरल्यावर लोक सरकारच्या तोंडाकडे बघत बसले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी वीस लाख डॉलर्सहून अधिक वर्गणी कबूल केली. आर्थर मॉर्गन या इंजिनिअरने योजना आखली आणि केंद्र सरकारच्या पैशाशिवाय १९२२ पर्यंत पाच धरणे उभी राहिली.

गंमत अशी, की ही धरणे एरवी कोरडी असतात! त्यांना दरवाजेच नाहीत. तळाशी ठरावीक मापाचे बोगदे आहेत. रोजची नदी त्यांतून निघून जाते. पूर आला की बोगद्यांत न मावणारे पाणी मागे तुंबते आणि मग सावकाश उतरते. मागच्या जमिनीवर शेती चालते, बागा फुलतात. घर मात्र बांधता येत नाही. त्यासाठी ऑस्बर्न नावाचे अख्खे गाव, घरे उचलून, दुसरीकडे न्यावे लागले. शहर वाचले, त्यात या गावाचाही वाटा आहे.

आजवर दोन हजारांहून अधिक वेळा या धरणांनी पाणी अडवले. १९१३ सारखा पूर पुन्हा शहरात शिरला नाही.

कधी त्या बाजूला जाणे झाले, तर विमानांचे भव्य संग्रहालय जरूर बघा. प्रवेश मोफत आहे. पण एखाद्या धरणावरही उभे राहा. समोर पाणी दिसणार नाही. तेच तर त्याचे यश!