बॅकअप कोणत्या इमारतीत आहे?

मार्च उजाडला की आपल्या वेबसाइटच्या धंद्यात रिन्यूअलचे फोन सुरू होतात. वर्षभर ज्या साइटकडे ग्राहकानं ढुंकूनही पाहिलेलं नसतं, तिचं होस्टिंगचं बिल गेलं की तो विचारतो, "साहेब, अमुक कंपनी महिन्याला नव्वद रुपयांत देते म्हणे, मग आपण एवढे का भरतो?" त्या रात्री आपणही 'सर्वोत्तम दहा होस्टिंग' छापाची एखादी यादी उघडून बसतो. अशा बहुतेक याद्यांतल्या दुव्यांमागे कमिशन असतं हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, कारण आपल्यातल्याच काहींनी तसल्या याद्या लिहून चार पैसे मिळवले आहेत. तरी उघडतोच.

यादी बाजूला ठेवा. कंपनीला एकच प्रश्न विचारा: माझा बॅकअप कोणत्या इमारतीत आहे?

10 मार्च 2021 रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच या युरोपातल्या बड्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एसबीजी-2 ही पाच मजली इमारत संपूर्ण जळाली, शेजारच्या एसबीजी-1 चाही काही भाग गेला. नेटक्राफ्टच्या अंदाजानुसार सुमारे 36 लाख साइट बंद पडल्या. कंपनीचे संस्थापक ऑक्टाव्ह क्लाबा यांनी त्याच रात्री ट्विटरवरून ग्राहकांना कळवलं की आपापली आपत्कालीन योजना अमलात आणा. सल्ला चोख होता. पण अनेक ग्राहकांच्या डोक्यात योजना म्हणजे ओव्हीएचच होती.

खरा धडा आगीत नाही, नंतरच्या खटल्यात आहे. बाती कुर्ताज या फ्रेंच कंपनीनं बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते. तो मूळ सर्व्हरपासून भौतिकदृष्ट्या वेगळा ठेवला जाईल, असं करारात लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात तो त्याच इमारतीत होता आणि सर्व्हरसोबत जळाला. जानेवारी 2023 मध्ये लीलच्या व्यापारी न्यायालयानं ओव्हीएचचा बचाव फेटाळून एक लाख युरोहून अधिक भरपाई द्यायला सांगितलं. ग्राहकाच्या बाजूनं उभं राहिलं ते करारातलं एक वाक्य. आता आपल्या स्वस्त शेअर्ड होस्टिंगच्या अटी काढून वाचा. तिथे बहुधा याच्या नेमकं उलट वाक्य सापडेल: बॅकअप ही सौजन्य म्हणून दिलेली सोय आहे, जबाबदारी ग्राहकाची. म्हणजे जाहिरातीत 'रोज मोफत बॅकअप' आणि अटींत हात वर.

इमारत एक असणं ही एक गोष्ट, चावी एक असणं ही दुसरी. डेन्मार्कच्या क्लाउडनॉर्डिक कंपनीवर ऑगस्ट 2023 मध्ये रॅन्समवेअरचा हल्ला झाला. आग नाही, पाणी नाही. पण हल्लेखोर बॅकअपच्या यंत्रणेपर्यंतही पोचले आणि बहुतेक ग्राहकांचा सगळा डेटा कायमचा गेला. सरकारी काम तरी सुरक्षित म्हणावं, तर सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि कर्मचाऱ्यांच्या जी-ड्राइव्हमधला 858 टेराबाइट डेटा गेला. त्याचा बाहेर बॅकअपच नव्हता. का, तर म्हणे पसारा फार मोठा होता!

उलट उदाहरणही आहे. मे 2024 मध्ये गूगल क्लाउडच्या चुकीनं युनिसुपर या ऑस्ट्रेलियन पेन्शन फंडाचा प्रायव्हेट क्लाउडच पुसला गेला. त्यांनी दुसऱ्या एका कंपनीकडे वेगळा बॅकअप ठेवला होता, त्याचा सावरायला मोठा आधार झाला.

नाव वेगळं म्हणजे कंपनी वेगळी, असंही समजू नका. 2 ऑगस्ट 2013 ला अमेरिकेत युटा राज्यातल्या प्रोव्हो इथलं डेटा सेंटर अडखळलं तेव्हा ब्लूहोस्ट, होस्टगेटर, होस्टमॉन्स्टर आणि जस्टहोस्ट एकदमच झोपले, कारण चौघांची मालक एकच, एंड्युरन्स ही कंपनी होती. पुढे 2014 मध्ये याच एंड्युरन्सनं आपल्या मुंबईच्या डायरेक्टीकडून बिगरॉक आणि रिसेलरक्लब घेतले. नंतर हे सगळं न्यूफोल्ड डिजिटलच्या छत्राखाली आलं. एका ब्रँडवर साइट आणि दुसऱ्यावर बॅकअप ठेवून निर्धास्त झोपणाऱ्यांनी मालकाचं नाव तपासून घ्यावं.

अपटाइमच्या आकड्यांवर फार शाई खर्च करत नाही. 99.9 टक्के म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात 43 मिनिटं बंद. हमी मोडली तर भरपाई मिळते ती सहसा त्या महिन्याच्या भाड्याच्या काही टक्के. दीडशे रुपयांच्या प्लॅनवर पंधरा रुपये हाती येतील, चहाची सोय झाली. 'अनलिमिटेड'बद्दलही तेच; जागा अमर्याद असते, पण फाइलींची संख्या आणि प्रोसेसर यांना मर्यादा असते आणि ती पहिल्याच गर्दीत 508 एररचा बोर्ड लावून दर्शन देते.

आता घरची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका वधू-वर सूचक मंडळाची साइट माझ्याकडे होती. एक अपडेट फसलं, डेटाबेस बिघडला. मी निवांत होतो, कारण होस्टिंगच्या पॅनेलवर रोजच्या बॅकअपसमोर हिरवी खूण दिसत होती. फाइल उतरवली आणि रिस्टोअर अर्ध्यात थांबलं. शेवटी ती एडिटरमध्ये उघडून तळाशी गेलो. पूर्ण झालेल्या मायएसक्यूएल डम्पच्या शेवटी सहसा 'डम्प कम्प्लीटेड' अशी ओळ आणि तारीख असते. इथे शेवटची नोंद सांगलीच्या एका मुलाची होती: बी.ई., मेक. पुढे काही नाही. मेकॅनिकलचं 'मेक' झालं होतं आणि त्याच्यानंतरची सगळी स्थळं गायब होती. जागेचा कोटा भरल्यामुळे डम्प रोज तिथेच तुटत होता आणि पॅनेल रोज हिरवी खूण करत होतं. सपोर्टनं तिकीट क्रमांक दिला, दुसऱ्या दिवशी तिकीट 'सोडवलं' म्हणून बंद केलं.

मंडळ वाचलं ते तिथल्या काकूंमुळे. दर महिन्याला यादी छापून घरच्या कपाटात फायलीला लावायची त्यांची जुनी सवय सुटली नव्हती. आम्ही दोघांनी तीन आठवडे बसून नोंदी पुन्हा टाइप केल्या. दोष कंपनीचा होता, पण मी ती फाइल कधीच उघडून पाहिली नव्हती, हेही खरं.

ग्राहकाच्या लेखी होस्टिंग कंपनी म्हणजे आपणच असतो. तेव्हा तोच प्रश्न स्वतःलाही लावा. किती ग्राहकांचं डोमेन तुमच्या ईमेलवर, तुमच्या नावानं नोंदलेलं आहे? उद्या तुम्हाला काही झालं तर त्या डॉक्टरीणबाईंना किंवा त्या पतसंस्थेला ट्रान्सफरचा कोड कोण देणार? ग्राहक सुटून जाऊ नये म्हणून डोमेन स्वतःकडे ठेवणं ही आपल्या धंद्यातली जुनी खोड आहे. तिला मी सरळ लबाडी म्हणतो.

कायदाही आता या बाजूला सरकतो आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 चे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. ज्यानं माहिती गोळा केली, जबाबदारी त्याची, मग सर्व्हर कोणाचाही असो. सुरक्षेत कसूर झाली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. वधू-वर मंडळाकडे काय काय माहिती असते ते आठवून पाहा. शिवाय एप्रिल 2022 पासून सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचे निर्देश आहेत की ठरावीक सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायच्या आणि लॉग 180 दिवस जपायचे. लॉग कोणाकडे असतात आणि मागितल्यावर किती वेळात मिळतात, हे बिल भरण्याआधी लेखी विचारा. याचं उत्तर जी कंपनी देत नाही तिच्याकडे जाऊ नका, भाव कितीही असो.

वाचकांना एक विनंती. 31 मार्चच्या आत आपल्या एका ग्राहकाची एक साइट निवडा, तिचा बॅकअप उतरवा आणि तो दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर किंवा स्वतःच्या लॅपटॉपवर रिस्टोअर करून पाहा. सुरुवातीला आणि साइट उघडली तेव्हा घड्याळ पाहा आणि ती दोन्ही वेळा आम्हाला कळवा. रिस्टोअर झालंच नाही, तर तेही कळवा. कोणाचंही नाव न घालता सगळी उत्तरं मेच्या अंकात छापू.