नोकरी नदीपल्याड, बिऱ्हाड कुठे?



गळीत हंगाम सुरू होऊन पहिले बिल खात्यावर पडले, की आपल्या भागात दोन बोलणी हमखास निघतात. एक सोयरिकीचे आणि दुसरे जागेचे. सोयरिकीत आम्ही पडत नाही. जागेविषयी मात्र चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते, कारण त्यात उसाचा पैसा जातो आणि कधी कधी ऊस ज्या रानात येतो ते रानही जाते.

एक मुलगा शेतात आणि दुसरा एमआयडीसीत, हे आता घरोघरचे चित्र आहे. कुणी शिरोलीच्या फौंड्रीत, कुणी गोकुळ शिरगावला, कुणी कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत. लग्न होईपर्यंत पोरगा डबा घेऊन गाडीवरून जातो-येतो, कुणाची तक्रार नसते. लग्न झाले, पहिले मूल झाले, की घरात विषय निघतो. "आबा, कोल्हापूरच्या कडंला दोन गुंठं घिऊन टाकूया. पोराच्या शाळंची सोय हुईल." आबा चार दिवस गप्प बसतात आणि पाचव्या दिवशी अडसालीच्या बिलातून इसार देऊन येतात. जागा पाहायला गेलेले असतात आबा, पोरगा आणि एजंट. जिला तिथे चोवीस तास राहायचे, ती सून घरी भाकऱ्या थापत असते.

आमचे म्हणणे एवढेच, की बिऱ्हाडाची जागा कमावत्या माणसाच्या सोयीवर किंवा गुंठ्याच्या दरावर ठरवू नये. जी माणसे दिवसभर तिथे राहणार, म्हणजे सूनबाई, शाळेतली पोरे आणि म्हातारी माणसे, त्यांचा दिवस कसा जाईल ते पाहून ठरवावी. कमावत्याचा प्रश्न अंतराचा असतो आणि अंतराचा हिशेब मांडता येतो.

तो आधी मांडूनच टाकू. गाव कामापासून वीस किलोमीटर असेल तर येऊन-जाऊन चाळीस. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर एक हजार चाळीस किलोमीटर. लिटरला पन्नास पडले तरी एकवीस लिटर पेट्रोल, म्हणजे आजच्या दराने बावीसशेच्या आसपास. कोल्हापुरात दोन खोल्यांचे भाडे काय आहे हे ज्याने चौकशी केली त्याला ठाऊक आहे. पैशात गाव स्वस्तच पडते. वेळेचे तसे नाही. जायला पाऊण तास आणि यायला पाऊण तास लागत असेल, तर महिन्याला एकोणचाळीस तास होतात. पोरगा दरमहा पाच पाळ्या रस्त्यावर भरतो आणि त्यांचा पगार मिळत नाही. म्हणून पाऊण तासाच्या आत कामावर पोहोचता येत असेल तर गाव सोडायची घाई करू नये, त्याच्या वर जात असेल तर जरूर विचार करावा, असा आमचा ठोकताळा आहे.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हंगामात रात्री पाळीहून परतणाऱ्या पोरांना सर्वांत मोठे भय असते ते आपल्याच उसाच्या ट्रॉल्यांचे. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागे दिवा नाही, रेडियम नाही, टायर फुटला म्हणून निम्म्या रस्त्यात उभ्या आणि खाली लावलेले दगड तसेच टाकून गेलेले. ऊस आपला, वाहतूकदार ओळखीचा आणि मागून येऊन धडकणारे पोरही आपल्यातलेच. गावात राहून ये-जा करावी असे म्हणायचे, तर रस्ता तेवढा जिवाच्या बेताचा ठेवायला नको काय? ट्रॉलीला रेडियम असल्याशिवाय आपल्या फडात भरणी करू देणार नाही, एवढे तरी ज्या त्या सभासदाने म्हणावे.

आता नदीकडे वळू. आपल्याकडे बिऱ्हाड कुठे करावे हे शेवटी पंचगंगाच ठरवते आणि जागा घेताना नेमका तिचाच विसर पडतो. राजाराम बंधाऱ्यावर एकोणचाळीस फुटांना इशारा आणि त्रेचाळीस फुटांना धोका, हे आपल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेले. दोन्ही वेळा पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली जाऊन बंद पडला. शिरोली नदीच्या उत्तरेला, तर कोल्हापूर, गोकुळ शिरगाव आणि कागल दक्षिणेला. म्हणजे बाप एका काठावर अडकला, पोरे दुसऱ्या काठावर आणि मधे समुद्र! एरवी दहा मिनिटांचे अंतर, पण त्या दिवसांत ते मोजायचे कशाने?

म्हणून आमचे पहिले सांगणे हे, की बिऱ्हाड, नोकरी आणि शाळा शक्यतो एकाच काठावर असावी. शिरोलीला काम असेल तर पेठवडगाव-हातकणंगलेची बाजू पाहावी. पंचतारांकित वसाहतीत काम असेल तर हुपरी किंवा कागल आहे. नकाशावर थोडे लांब दिसले तरी चालेल.

दुसरे सांगणे पूररेषेचे. पाटबंधारे खात्याने निळी आणि लाल अशा दोन रेषा आखलेल्या आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधायचे नाही. दोन रेषांच्या मधे बांधायचे तर बंधने आहेत. एजंट तुम्हांला सातबारा दाखवील, लेआउटचा रंगीत कागद दाखवील, पण या दोन रेषा आपणहून दाखवणार नाही. त्या आपण मागायच्या. शिवाय जागा उन्हाळ्यात बघू नये. उन्हाळ्यात सगळीच जागा कोरडी ठणठणीत असते. आषाढात जावे, शेजारच्या जुन्या घरातल्या म्हाताऱ्याला गाठावे आणि २००५ ला, १९ ला, २१ ला पाणी कुठवर आले होते ते विचारावे. तो भिंतीवर बोट ठेवून दाखवील. ज्या माणसाने उभा ऊस आठ दिवस पाण्यात कुजताना पाहिला आहे, त्यानेच स्वस्त मिळते म्हणून मळीच्या रानात घर बांधावे, याचे आम्हांला नवल वाटते.

पिण्याच्या पाण्याचीही चौकशी करावी. नळ आहे का, एवढे विचारून भागत नाही. पाणी कुठून येते, गाळून शुद्ध होऊन येते का, हे विचारावे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा नळ घरोघरी होतेच. पाणी मात्र सांडपाणी मिसळून दूषित झालेले होते.

शाळेचे म्हणाल तर पहिलीच्या वर्गाकडे पाहून जागा घेऊ नका. चौथीपर्यंतची शाळा बहुतेक ठिकाणी असते. आठवीनंतर मुलगी कुठे जाणार, अकरावीला विज्ञान घ्यायचे म्हटले तर कॉलेज कुठे, तिथून संध्याकाळची एस.टी. कितीला, हे विचारा. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून बायकांना तिकीट निम्मे झाले आहे. पण गाडीच नसेल तर पास फ्रेमला लावायचा काय? गावात राहून पोरी शिकायच्या असतील तर शेवटची गाडी बंद पडू न देणे हे ग्रामपंचायतीचे आणि आपल्या संचालकांचेही काम आहे.

आता सूनबाईची बाजू. तिला शहर हवे असते म्हणून घरातली म्हातारी मंडळी नाक मुरडतात. आम्हांला ते पटत नाही. डिप्लोमा किंवा बी.ए. झालेली मुलगी, तिला गावात हाताला काम नाही, चार जणांच्या देखत मुलाला जवळ घ्यायची चोरी, रात्री मूल तापाने फणफणले तर डॉक्टर पाच मैलांवर. तिने शहर मागितले तर त्यात नखरा कसला? उलट पुष्कळ घरांत गाव सोडू नका असा आग्रह धरणाऱ्यांना गावापेक्षा धारा काढायला माणूस हवा असतो. ज्यांना पोरगा-सून जवळ राहावी असे वाटते, त्यांनी आधी घराला दोन खोल्या आणि न्हाणीघर वेगळे काढून द्यावे आणि सुनेला नोकरी करायची असेल तर डबा बांधून द्यावा. गुंठ्यापेक्षा हे कितीतरी स्वस्तात होईल.

तिने गाव नको म्हटले तरी लगेच शहराच्या कडेची अर्धवट वस्तीच घ्यावी असे नाही. आपल्या जिल्ह्यात मधल्या वाटेचा दाखला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली वडील जयसिंगराव यांच्या नावाने जयसिंगपूर वसवले. रेल्वेला लागून पेठ, सरळ आखलेले रस्ते, मोजून सोडलेल्या गल्ल्या. शंभर वर्षे उलटून गेली तरी तिथल्या माणसाला बाजाराला पायी जाता येते. तालुक्याच्या किंवा बाजाराच्या अशा गावात भाड्याने राहून बघावे. पोराची कंपनी बदलली तर बिऱ्हाड हलवता येते. विकत घेतलेले दोन गुंठे काही ट्रॉलीत घालून नेता येत नाहीत.

आणि घ्यायचेच ठरले तर रान विकून घेऊ नये, एवढी आमची सभासदांना विनंती आहे. बागायत एकरातला तुकडा गेला की त्याबरोबर विहिरीतली पाळी जाते, पाइपलाइनचा हिस्सा जातो, धाकट्याचे पोट जाते आणि ऊसनोंद कमी होते ती वेगळीच. नोकरदार मुलाने त्याच्या पगारावर कर्ज काढावे, हप्ता त्याने भरावा, आबांनी फार तर इसाराला हात लावावा. व्यवहाराआधी मूळ सातबारा, फेरफार, मोजणी आणि पूररेषेचा नकाशा वकिलाला दाखवावा. एजंटाच्या वकिलाला नव्हे. आणि जागा पाहायला जाताना सूनबाईला गाडीत पुढे बसवावे.