सैनिकाला सांभाळणाऱ्यांचे काय?

बेंगळुरू हे फौजेचे जुने शहर. मद्रास इंजिनिअर ग्रुपचे केंद्र येथे आहे, हवाई दलाचे कमांड हॉस्पिटल येथे आहे. निवृत्त जवानांची असंख्य कुटुंबे या शहरात स्थायिक आहेत. राखीव जागांवर रेल्वेत व टपालात आलेले माजी सैनिक आपले सभासद आहेत. टपाल खात्यातले आपले साथी आर्मी पोस्टल सर्व्हिसमध्ये प्रतिनियुक्तीवर जातात. तेव्हा सैनिकाच्या घरचा प्रश्न हा आपल्याच घरचा प्रश्न आहे.

कण्याला इजा होऊन जो जवान कायमचा अंथरुणाला खिळला, त्याची कूस दर दोन-तीन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. आंघोळ, लघवीची नळी, औषधे, रात्रीचे जागरण हे वेगळेच. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये या कामासाठी कर्मचारी असतात. घरी ते पत्नी करते, आई करते, सून करते. तिला आठ तासांची पाळी नाही, साप्ताहिक सुट्टी नाही आणि लीव्ह रिझर्व्हचा माणूसही नाही.

सरकार काय देते? 100 टक्के अपंगत्व आणि सतत मदतनिसाची गरज वैद्यकीय मंडळाने मान्य केली, तर 'कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स' मिळतो. सातव्या वेतन आयोगानंतर 1 जुलै 2017 पासून तो दरमहा 4500 वरून 6750 रुपये झाला. म्हणजे तेव्हा दिवसाला 225 रुपये, तासाला साडेनऊ रुपयेही नव्हते. तोही पेन्शनरच्या नावाने. जिचे हात राबतात तिची सरकारदरबारी नोंदच नाही. तिचा रोजगार सुटला, म्हातारपणीची पुंजी गेली, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

हाच भत्ता सहाव्या वेतन आयोगानंतर, 2008 च्या आदेशाने, असाधारण पेन्शन नियमांखालील 100 टक्के अपंग केंद्रीय नागरी कर्मचाऱ्यांनाही लागू झाला. अनेकांना हे ठाऊक नाही. शाखांनी आपल्या विभागातील अशी प्रकरणे शोधून अर्ज करून घ्यावेत.

रजेचे काय? जुलै 2025 मध्ये राज्यसभेत सरकारने सांगितले, की वृद्ध आईवडिलांची काळजी घेण्यासाठी 30 दिवसांची अर्जित, 20 दिवसांची अर्धवेतनी व 8 दिवसांची नैमित्तिक रजा वापरता येते. ही तर आपल्या हक्काचीच रजा! वेगळे काहीच दिलेले नाही. अमेरिकेत 2010 च्या कायद्याने जखमी सैनिकाला सांभाळणाऱ्या नातेवाइकाला स्वतःच्या नावे मासिक भत्ता, आरोग्य संरक्षण आणि विश्रांतीसाठी वर्षाला किमान 30 दिवस बदली मदत मिळू लागली. आपल्याकडेही 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहू भत्त्याची तरतूद आहे. कागदावरचा हक्क घरात आला पाहिजे.

आठवा वेतन आयोग नोव्हेंबर 2025 मध्ये नेमला गेला. त्याच्यापुढे तीन मागण्या ठामपणे मांडल्या पाहिजेत. भत्ता किमान वेतनाशी जोडावा आणि 100 टक्क्यांची अट शिथिल करावी. त्याचा काही भाग सांभाळणाऱ्या व्यक्तीच्या खात्यात थेट जमा व्हावा. नोकरदार नातेवाइकांना स्वतंत्र पगारी शुश्रूषा रजा मिळावी.

सैनिकाला नोकरीत असताना संघटना बांधता येत नाही. त्याच्या पत्नीला तर ऐकणारा साहेबही नाही. ज्यांना संघटनेचा हक्क आहे, त्यांनीच हा आवाज उठवायचा आहे.