बिबट्या आणि रात्रपाळीची वीज

सांगली-साताऱ्यातले शिराळा, वाळवा, कऱ्हाड, पाटण. या पट्ट्यात कुठेही बिबट्या दिसला की मागणी ठरलेली: पिंजरा लावा, धरा आणि चांदोलीच्या जंगलात सोडून या. मागणीमागची भीती खरी आहे. नोव्हेंबर २०२१मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या येणक्यात बिबट्याच्या हल्ल्यात ऊसतोड मजुराच्या लहानग्याचा जीव गेला. अशा घरासमोर उभे राहून सहजीवनाचे धडे देण्याची कोणाची छाती होईल? पण भीती खरी म्हणून तिच्यातून सुचलेला उपायही खरा, असे होत नाही.

हा उपाय पुणे जिल्ह्यातल्या जुन्नरला करून झाला आहे. २००१नंतर तिथले बिबटे धरून दूरच्या जंगलांत सोडण्याचा सपाटाच लागला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ झाल्याचे निघाले. परक्या मुलखात टाकलेले जनावर बिथरते, घराची वाट धरते. इकडे त्याची मोकळी झालेली हद्द दुसरा बिबट्या बळकावतो. २००९मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला, ‘आजोबा’ म्हणून पुढे गाजलेला बिबट्या माळशेजला सोडल्यावर सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. चांदोली ते शिराळा याच्या निम्मेही अंतर नाही.

दुसरा पक्ष शहरातला. ‘माणसाने जंगलावर अतिक्रमण केले, आता भोगा.’ कोणत्या माणसाने? कोयना आणि वारणेच्या खोऱ्यांतली गावे आधी धरणांनी उठवली, मग अभयारण्यांसाठी उरलीसुरली उठली. घरदार सोडून गेलेल्यांनाच अतिक्रमणवाले म्हणणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी.

शिवाय हे बिबटे जंगलातून हाकललेले आहेत, हेच मुळात खरे नाही. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. आत सावली, शेजारी पाटाचे पाणी, रानडुकरे, वस्तीवरची मोकाट कुत्री. मादी तिथेच विते. दर हंगामात तोडीच्या वेळी फडात पिल्ले सापडतात. वनकर्मचारी ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई घेऊन जाते. या पिलांनी चांदोली पाहिलेलीच नाही. थंडीत ‘बिबटे वाढले’ अशी ओरड होते, त्यात फडांमागून फड तुटल्याने आडोसा गेला, हेही एक कारण असते. आणि ‘वनखात्यानेच आणून सोडले’ ही पारावरची कुजबुज? उसात बिबटे जन्मत असताना ते बाहेरून आणायचे कशाला?

मग करायचे काय? माझे म्हणणे असे की हा प्रश्न वनखात्याचा कमी आणि शेतीचा जास्त आहे. शेतकरी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन उसात कशाला जातो? शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि पाणी तर पाजावेच लागते. फेब्रुवारी २०२२मध्ये शेतकरी नेते राजू शेट्टींनी कोल्हापुरात धरणे धरून दिवसा दहा तास वीज मागितली. माझ्या लेखी बिबट्याच्या बंदोबस्तासाठी शंभर पिंजऱ्यांपेक्षा ती मागणी मोलाची. माणूस दगावल्यावर सरकार २५ लाख रुपये देते. शेळ्यांच्या गोठ्याला बंदिस्त जाळी आणि वस्तीवर दिवा त्याआधी द्यायला एवढे लागत नाहीत.

कोणी विचारेल, माणसाला मारणारा बिबट्याही तसाच सोडायचा का? नाही. तो धरावा आणि पुन्हा कधीही सोडू नये; १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या जनावराच्या बंदोबस्ताची तरतूद आहे. पण दिसला की धरा, हा खाक्या बंद व्हावा.

राहिली ऊसतोड टोळी. बीडकडून आलेल्या माणसांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, मुकादम दाखवील त्या मोकळ्या जागेवर पडतात, बऱ्याचदा उसाला लागूनच. आईबाप पहाटे फडात; पोरे एक तर कोपीत एकटी, नाहीतर बांधावर. शौचालय नाही, म्हणजे अंधारात पुन्हा उसाचाच आडोसा. कारखान्याने फडापासून लांब, कुंपणाची, उजेडाची जागा आणि पोरांसाठी पाळणाघर द्यावे. गाळप परवान्यात ही अट घालायला साखर आयुक्तांना वनखात्याची वाट पाहावी लागत नाही.